उतारावर भरलेली बॅटरी

जुन्या मिनीबसमधली बाकं काढून तिथे पलंग, ओटा आणि कपाट बसवून झालं, त्या दिवशी मी आईला हाताला धरून आत नेलं. तिने गादी दाबून पाहिली, खिडकी सरकवून पाहिली, ओट्याखाली डबे कुठे राहतील ते विचारलं. मग पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "समदं झ्याक हाय. पर माझं यंत्र कशावर चालायचं?"

गाडी घेतली होती तीच त्या यंत्रासाठी.

आईला झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे. रात्री नाकावर मास्क लावायचा, उशाशी ठेवलेलं डब्याएवढं यंत्र नळीतून हवा देत राहतं आणि ती शांत झोपते. एक रात्रही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात अडचण नव्हती, पलंगाशेजारी प्लग होता. पण त्या प्लगमुळे आई कुठे मुक्कामाला जाईनाशी झाली. लग्नकार्य असो की बारसं, संध्याकाळी परत. "खुट्याला बांधल्यागत झालंय मला," असं ती हसत म्हणायची, पण रोज म्हणायची.

आई माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातली. लग्न होऊन सांगलीला आली आणि इथलीच झाली. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, अजून कळप घेऊन हिंडत होता. दिवाळीनंतर तिकडचा चारा संपला की तो मेंढरं घेऊन पश्चिमेला, कोरेगावच्या बाजूला येई. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, जमिनीला खत मिळतं. दोन-तीन रात्री एका रानात, मग पुढचं रान. त्या हिवाळ्यात मामाचा फोन आला. गुडघे साथ देत नव्हते, उन्हाळा संपायच्या आत सगळी मेंढरं विकायचं त्याने ठरवलं होतं. आईने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "इकायच्या आधी मला एक आठवडा मेंढरात झोपायचं हाय. दिसा जाऊन भेटून यायचं न्हाई. झोपायचं."

मी कागद-पेन घेतलं. मला काम दिसलं की मी ते तुकड्यांत मांडते, त्याशिवाय मला सुचत नाही. कुपवाडला माझा कामगारांचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. तिथे कापडापासून काजांपर्यंत सगळं असंच चालतं. गाडी, पलंग, आईला चढता येईल अशी पायरी, पाणी, वीज. पहिली चार कामं माणसं लावून झाली. वीज उरली.

गाडीत झोपणाऱ्या माणसाच्या उशाखाली ॲसिडची बॅटरी ठेवायची नव्हती, म्हणून लिथियमची घेतली. वजनाला हलकी, वास नाही, आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत वापरली तरी खराब होत नाही. यंत्र, दोन दिवे, पंखा आणि आईच्या इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज एवढ्यावर ती दोन रात्री पुरत होती. आईला राहायचं होतं आठवडाभर, आणि रानात प्लग कुठला? टपावर पाण्याची टाकी आणि सामानाचा कॅरिअर आधीच बसला होता, सौर पॅनेलला जागा नव्हती. म्हणजे बॅटरी गाडीच्या इंजिनानेच भरायला हवी होती. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर प्रत्येक गाडीत असतोच, त्याच्याकडून थोडी जास्त मागायची एवढंच.

माझ्या कारखान्याच्या पलीकडच्या गल्लीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथला मिस्त्री अल्टरनेटरला डायनामा म्हणतो आणि स्वतःला इंजिनिअर. आवाज एवढा मोठा की फोनवर बोलताना त्याला फोनची गरज नसावी.

"वहिनी, ह्यात काय अवघड न्हाई! डायनाम्यापासनं मागच्या बॅटरीपतोर जाड केबल टाकायची, मधी एक रिले. गाडी चालू झाली की रिले टक्कन जोडणार. ॲम्ब्युलन्सला लय वेळा केलंय."

"लिथियमची बॅटरी होती का ॲम्ब्युलन्समध्ये?"

"बॅटरी ती बॅटरी, वहिनी. करंट सोडला की भरती."

त्याने केबल टाकली, रिले बसवला आणि आम्ही पहिली फेरी आईला न घेता करायची ठरवली. माझे यजमान हळदीच्या व्यापारात आहेत. तरुणपणी पेढीचा माल घेऊन ट्रकवाल्यांबरोबर खूप फिरलेत, त्यामुळे गाडी चालवणं हा त्यांचा प्रांत. सांगलीहून साताऱ्याला गेलो, यवतेश्वरचा घाट चढून वर चहा प्यायलो आणि उतरायला लागलो. अर्धा घाट उतरलो असू, तेवढ्यात मला जळक्या लाखेसारखा वास आला.

"अहो, वास येतोय."

"पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत."

पुढे ट्रक नव्हता. घाटाच्या तळाशी बॅटरीचा लाल दिवा लागला. दिवसाउजेडी हेडलाइट, पंखा, हॉर्न सगळं बंद ठेवून आम्ही महामार्गाने निघालो आणि मलकापुरात, कराडच्या वेशीवर, गाडीने मान टाकली. यजमानांच्या ओळखीचा एक गुळाचा टेम्पो रिकामा परत चालला होता, त्याने दोर बांधला. सांगलीपर्यंत आम्ही त्या टेम्पोच्या मागे ओढले गेलो. टेम्पोवाला दर गतिरोधकाला मान बाहेर काढून ओरडायचा, "शेठ, नवरी कशी हाय मागं?"

दारात आई उभी होती. दोर बघून तिला सगळं कळलं. "ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "दिसा जाऊन भेटून येऊ." तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला आतून जी चीड आली ती पुढचे कितीतरी दिवस कामाला आली.

मिस्त्रीने अल्टरनेटर उघडला. आतली तार काळी पडली होती. "ही बॅटरी चोर हाय," तो निर्णय देऊन मोकळा झाला. "डायनाम्याचं रगत पिऊन टाकलं तिनं."

बोलणं नाटकी असलं तरी त्यात तथ्य होतं. साधी बॅटरी भरत आली की आपणहून कमी वीज घेऊ लागते. लिथियमची तसं करत नाही, समोरचा देईल तितकं शेवटपर्यंत ओढत राहते. पण मला एक गोष्ट पटेना. साताऱ्यापर्यंतच्या सरळ रस्त्यावर काही झालं नाही, चढावर काही झालं नाही, आणि उतारावर, जिथे इंजिनाला काहीच काम नाही, तिथे जळलं. ते का, हे मिस्त्रीला सांगता आलं नाही. त्याने एवढं सांगितलं की नवा अल्टरनेटर घालू आणि आता मधे रिलेऐवजी एक चार्जर बसवू. तो अल्टरनेटरकडून ठरावीकच वीज घेईल आणि पुढचं, म्हणजे इंजिनाकडचं, व्होल्टेज पडलं तर गाडी बंद आहे असं समजून स्वतःच थांबेल. मी होकार दिला. शिवाय मोबाइलवर बॅटरीत किती करंट शिरतोय ते दाखवणारं एक छोटं यंत्रही लावून घेतलं. जे मोजता येत नाही त्यावर मी भांडत नाही.

दुसरी फेरीही आईला न घेताच, पण तिच्या खऱ्या वाटेने केली. तिला आधी माहेरच्या गावी थांबून मग मामाकडे जायचं होतं. म्हणजे विट्यावरून माणात, तिथून पुसेगाव, आणि वर्धनगडचा घाट उतरून कोरेगाव. मी पुढच्या सीटवर मोबाइल मांडीवर घेऊन बसले. आकडा तीस ॲम्पिअर. विट्यापर्यंत तीस, मायणीच्या पुढे तीस. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मग एका उतारावर आकडा एकदम शून्य झाला. उतार संपला, थोडा वेळ गेला, पुन्हा तीस. पुढच्या उतारावर पुन्हा शून्य. पुसेगावच्या बाजारात गर्दीतून सरकताना शून्य. कुठे वायर हलतेय, असं वाटून मी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून केबल हलवून पाहिल्या, सगळं घट्ट. इंजिन चालूच होतं आणि मोबाइलवर शून्य. मी म्हटलं, "जरा रेस करा." यजमानांनी पाय दाबला आणि थोड्या वेळाने आकडा आला, तीस.

मी गाडीत चढले, दार लावलं आणि पुढच्या उताराला मोबाइलकडे न बघता यजमानांच्या डाव्या हाताकडे बघत बसले. उतार आला. हात गेला, गेअरचा दांडा मधे आला. न्यूट्रल.

"अहो, हे काय करताय?"

"काय करतोय? उतार आहे."

"म्हणून न्यूट्रल?"

"मग काय इंजिन उगाच फिरवायचं? गाडी आपली आपण चाललीय. माझं ॲव्हरेज विचार कुणालाही, पेढीत माझ्याएवढं कुणी काढलं नाही."

"घाटात पाटी असते, न्यूट्रल टाकू नका म्हणून."

"ती ट्रकला असते."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला आणि हा हात कधी पाहिला नाही. आमच्याकडे तो सगळ्यांचाच जातो. जीपवाले, टेम्पोवाले, लग्नाचं वऱ्हाड नेणारे, उतार दिसला की गाडी मोकळी सोडतात आणि त्याला हुशारी समजतात. मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

"वहिनी, उताराला न्यूट्रल तर मी पण टाकतो," तो फोनमधून आणि बहुधा कुपवाडमधूनही थेट ओरडला. "चार्जर खराब असंल. बदलून देतो, या."

"चार्जर चांगला आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरतं, तुमचा डायनामा मंद फिरतो, व्होल्टेज पडतं आणि चार्जर समजतो गाडी बंद झाली. त्याचं काम तो बरोबर करतोय."

मला त्याच दमात यवतेश्वरचंही उत्तर मिळालं. माझ्या कारखान्यात मशिनच्या मोटरी जळतात त्या जोरात फिरताना जळत नाहीत. जाड कापड अडकतं, मोटर मंद होते, तिच्याच दांड्यावरचा पंखा मंद होतो, आणि काम मात्र पुरं मागितलं जातं, तेव्हा जळतात. अल्टरनेटरचा पंखाही त्याच्याच दांड्यावर असतो. घाटभर न्यूट्रलवर तो रखडत फिरत होता, हवा कमी मिळत होती आणि तेव्हा चार्जर नव्हता, बॅटरी त्याला पिळत होती.

"म्हणजे मी जाळला म्हण की," यजमान म्हणाले.

"मी कुठे म्हटलं?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

एव्हाना वर्धनगड आला होता. मी म्हटलं, हा घाट थर्ड गेअरमध्ये उतरायचा. ते म्हणाले, डिझेल जळेल. मी म्हटलं, एकदाच. घाटाच्या तोंडाशी त्यांनी थर्ड टाकला, तोंड कडू करून. इंजिनाचा आवाज चढला, गाडी स्वतःला धरून उतरू लागली, ब्रेकला पाय लावायची फारशी गरज पडेना. आणि मोबाइलवर तीस. पहिल्या वळणाला तीस, मधे तीस, किल्ला मागे राहिला तरी तीस. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं.

"ॲक्सिलरेटरवर पाय आहे?"

"नाही."

"मग डिझेल कुठून जळतंय?"

कोरेगावात चहाला थांबल्यावर त्यांनी स्वतःच मिस्त्रीला फोन केला. गेअरमध्ये, पाय काढून गाडी उतरत असेल तर इंजिनाला चाकंच फिरवतात, पंप डिझेल सोडतच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं तरी डिझेल लागतंच. मिस्त्रीने ते कबूल केलं, अगदी लहान आवाजात. यजमानांनी फोन ठेवला आणि बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाले, "म्हणजे घाट उतरताना वीज फुकट?"

"फुकट."

"आणि मी इतकी वर्षं..."

"चहा घ्या, निवतोय."

घरी पोचेपर्यंत बॅटरी निघालो त्याहून वर होती. आईला मी मोबाइलवरचा आकडा दाखवला. तिला आकड्यातलं कळलं नाही, माझ्या तोंडावरचं कळलं. तिने त्याच संध्याकाळी लुगडी बांधायला घेतली.

मामाचा तळ कोरेगावच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याच्या एका रिकाम्या रानात होता. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, तिच्या आत मेंढरं, कडेला घोडं बांधलेलं, तीन दगडांवर भाकरी. आम्ही बांधावरून गाडी आत घेतली तेव्हा मामा काठी टेकत पुढे आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दारातून आत डोकावला.

"आक्का, ही तर तुजी माडी म्हणायची!"

"माडी न्हवं, घोडं. तुज्या घोड्यापरीस मोठं हाय."

"चारा काय खातंय?"

"तुजा घाट," आई म्हणाली. वाटेत यजमानांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, तीनदा.

पहिल्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले ते मेंढरांच्या आवाजाने. यंत्र अजून हळू आवाजात चालत होतं आणि आई मास्क लावून गाढ झोपली होती. मामा कासंडीत दूध घेऊन दारात आला, तिच्याकडे पाहून थबकला.

"आगं पोरी, ही इमान चालवतीया व्हय झोपंत?"

आईला जाग आली. तिने मास्क काढला आणि पहिलं वाक्य भावाला फेकून मारलं. "व्हय, तुला न्ह्यायला आलुया. आंघोळ कर आदी, वास येतोय." मग दोघं इतकं हसले की घोडं दचकलं.

त्या आठवड्यात आमचा क्रम ठरून गेला. रोज सकाळी चहा झाला की यजमान किल्ली घेऊन उभे. वर्धनगडपर्यंत चढायचं, वर चार माणसांशी गप्पा मारायच्या, थर्डमध्ये उतरायचं. चढताना बॅटरी भरायची, उतरताना फुकट भरायची, आणि हे दुसरं ते भेटेल त्याला सांगायचे. घाटात एका दुधाच्या टेम्पोवाल्याला त्यांनी थांबवून सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला उशीर होतोय." त्याला त्याच्या गाडीच्या ब्रेकबद्दलही ऐकावं लागलं.

मिस्त्री रविवारी मोटारसायकलवरून स्वतः आला. केबलला हात लावून पाहिला, अल्टरनेटरला हात लावून पाहिला. "डायनामा थंड हाय वहिनी, लावून बघा की हात!" तो असा गर्जला की जणू हे सगळं पहिल्या दिवसापासून त्याच्याच डोक्यात होतं. मी त्याला श्रेय घेऊ दिलं. त्याने केबल खरोखर चांगली टाकली होती. आईने त्याला भाकरी वाढली आणि विचारलं, उतारावर तू काय करतोस? "आजी, थर्ड," तो म्हणाला. मग आईने माझ्याकडे बघून डोळा मारला. तिला डोळा मारता येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मधे तळ हलला. नव्या रानापर्यंत लांब चालायचं होतं आणि तीन-चार कोकरं दोन दिवसांची होती. पूर्वी ती घोड्यावर पिशवीत घालून नेत. मामाने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी स्वच्छ चादरीकडे पाहिलं. आई कोकरू काखेत मारून माझ्याआधी पायरी चढली होती. बाकीची तिने एकेक करून आत मागवली, पलंगावर चवाळं अंथरलं आणि यजमानांना हुकूम सोडला, "जावईबापू, हळू. हिसका नगं. थर्डातच चला." कोकरं आईच्या अंगावर मान टाकून झोपली. मोबाइलवर तीस होते. मी चादर धुणं कामांच्या यादीत लिहिलं आणि विसरले.

आईचं दुसरंच रूप मला त्या रानात दिसलं. घरी जिना चढताना थांबणारी आई इथे वाघर ओलांडून आत जायची, मेंढीचा पाय उचलून खूर बघायची, मामाला चूक दाखवायची. दोघं बहीण-भाऊ संध्याकाळी जाळीपाशी टेकून बसत आणि एकेक मेंढी कुणाच्या वंशातली ते बोलत. मामा मेंढरं विकणार होताच, त्यात बदल झाला नाही. पण त्याबद्दल दोघांपैकी एकानेही उसासा टाकलेला मी ऐकला नाही. ते हिशेब सांगावेत तसं त्या कळपाचं सगळं बोलून घेत होते, आणि त्याला रात्री उशिरापर्यंत वेळ होता, कारण आईला संध्याकाळच्या गाडीने परतायचं नव्हतं.

आठवडा संपला. ठरल्याप्रमाणे मी सकाळी आवराआवर सुरू केली. कारखान्यात शाळेच्या गणवेशांची ऑर्डर उभी होती, यजमानांना पेढीत जायचं होतं, पाण्याची टाकी तळाला लागली होती. मी भांडी गोळा केली, फ्रिज पुसला, आईच्या लुगड्यांच्या घड्या केल्या. आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती. पायाशी आता धीट झालेली कोकरं एकमेकांना ढुशा देत होती.

"बॅटरी किती हाय?" तिने विचारलं.

मी मोबाइल पाहिला. "पूर्ण भरलेली आहे."

"पुरी?"

"पुरी."

"मग एवढी घाई कशाची चाललीय तुजी?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते आधीच टाकी भरायला बादल्या घेऊन विहिरीकडे निघाले होते. मी घड्या घातलेली लुगडी पुन्हा कपाटात ठेवली, कारखान्यात फोन करून ऑर्डरचं काम वाटून दिलं आणि चुलीवर चहाचं आधण चढवलं.